काकांची सही

माणसाने किती खरं बोलावं याला काही मर्यादा असते, आणि आमच्या समोरच्या घरातल्या काकांनी ती आमच्या टार्निट उपनगरात पाऊल टाकायच्या आधीच, मेलबर्नच्या विमानतळावर, ओलांडली होती. त्यांची मुलगी शिफ्टला अडकली म्हणून मी त्यांना आणायला गेलो होतो. बाकीची मंडळी लाडू-चिवड्याच्या पिशव्या छातीशी धरून, देवाचं नाव घेत सटासट बाहेर पडत होती. काका दोन तास येईनात. बाहेरचं खाणं आणि माती यांची इथे कडक तपासणी असते; त्यांनी लोणचं तर दाखवलंच, वर 'चार दिवसांमागे भावाच्या शेतात गेलो होतो, चपलेला माती असेल' हेही आपण होऊन सांगितलं. अधिकाऱ्याने चपला धुऊन दिल्या, तेव्हा यांना आठवलं की बॅगेच्या तळाशी बूटही आहेत. "चांगली माणसं आहेत रे इथली," चकचकीत बूट दाखवत ते मला म्हणाले. माझे पाय उभं राहून सुजले होते.

काका नगरकडचे, निवृत्त मुख्याध्यापक, ख्रिस्ती. आमचं आमच्या देवांशी कसं, थोडं समजुतीचं असतं. त्यांनी काही बघायचं, काही सोडून द्यायचं. काकांच्या येशूला मात्र सुट्टी म्हणून नाही. साधा लायब्ररीचा फॉर्म भरायचा तरी काका त्याला शेजारी खुर्ची देऊन बसवतात. दुकानातल्या पोरीने "हाउ आर यू गोइंग?" म्हटलं की अख्खं ऑस्ट्रेलिया "गुड" म्हणून पिशवी उचलतं. काका डाव्या गुडघ्यापासून सुरुवात करतात, आणि पित्तापर्यंत येईतो मागे रांग लागलेली असते. गणपतीत माझ्या बायकोने हौसेने मोदक नेऊन दिले आणि "कसे झालेत?" असं विचारायची चूक केली. "सारण उत्तम. पारी जाड. दुसरा मी आग्रहाखातर खाल्ला." पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात त्यांचं नावही घ्यायची सोय नव्हती.

अशा माणसाकडे मी खोटी सही मागायला गेलो, यावरून माझी अवस्था ओळखा. ऑफिसला पळताना गाडी वेगाच्या कॅमेऱ्यात सापडली होती. इथे प्रत्येक गुन्ह्याला लायसन्सवरचे पॉइंट्स कापतात; आधीच्या प्रतापांमुळे माझे संपत आलेले. हेही कापले की तीन महिने गाडी बंद. टार्निटमध्ये गाडी बंद म्हणजे दूध आणायचेसुद्धा वांधे. पण फोटोत नुसती नंबरप्लेट होती, चेहरा नव्हता. 'गाडी दुसराच चालवत होता' असं लिहून त्याची सही घेतली की काम फत्ते, हा उपाय मला तीन मित्रांनी सांगितला होता. तिघांनीही तो घरच्या म्हाताऱ्या माणसांवर केला होता.

"काका, तुमचं लायसन्स कोरं करकरीत आहे. पॉइंट्स नुसते पडून आहेत."

"त्या दिवशी मी गाडीत होतो?"

"नव्हता."

"मग मी कसा चालवेन?"

"काका, एकदा डोळे मिटा ना! येशूलासुद्धा सांगा, जरा पलीकडे बघ म्हणून."

मला वाटलं, आता प्रवचन होणार. पण ते हसले. "तो बघेलही पलीकडे. मला नाही जमायचं. सही नाही देणार. स्टेशनला रोज सोडेन."

मी तणतणत घरी आलो. माझी मुलगी म्हणाली, "Dad, just say you did it." घरचे भेदी! शेवटी चडफडत मीच कबुली दिली आणि लायसन्स गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काका गाडी घेऊन दारात हजर. तीन महिने एक दिवस चुकला नाही. चाळीसच्या पाटीला ते अडतीसने जात, त्यामुळे ट्रेन मात्र रोज चुके. मी ऑफिसला 'ट्रेन लेट होती' असा मेसेज करायला घेतला की शेजारून आवाज येई, "ट्रेन वेळेवर होती. आपण लेट आहोत." शेवटच्या दिवशी, उतरताना, मी आपलं रीतीप्रमाणे म्हटलं, "काका, कंटाळा आला असेल ना?"

"आला की. पहिल्याच आठवड्यात आला. थंडीत गुडघा फार बोलायचा." मग म्हणाले, "पण तू मला आवडतोस रे. सकाळी तुझी वटवट ऐकली की दिवस बरा जातो."

हापिसात, समारंभांत माझं बरंच कौतुक झालंय, त्यातलं काहीच मला धड आठवत नाही. हे वाक्य मात्र मी जपून ठेवलंय. मोदकाची पारी जाड म्हणणाऱ्या माणसाचं आहे ते.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीची नोकरी बदलली आणि काका तिच्याबरोबर ॲडलेडला, मॉसन लेक्सला गेले. आता माझ्याकडे लायसन्स आहे, ट्रेनही चुकत नाही. रविवारी चर्चहून आले की त्यांचा फोन येतो.

"कसा आहेस?"

"मजेत!"

ते वाट बघत राहतात. हा माणूस फोनवरसुद्धा सोडत नाही.

"करमत नाही, काका," मी शेवटी म्हणतो.

"मलाही नाही रे," काका म्हणतात. आणि काका कधी खोटं बोलत नाहीत.