रोझलिनची चाल

माझा मेहुणा विल्फ गार्बट इंग्लंडातल्या हल बंदरात ट्रॉलर बोटींमधली मासळी उतरवायचा. शनिवारी नाचघरात गिटार वाजवायचा. चौघांचा बँड होता. क्लाइव्ह नावाचा देखणा पोरगा पुढे उभा राहून गायचा आणि विल्फ मागे. मागे राहणंच त्याला मानवायचं.

एकसष्टच्या हिवाळ्यात माझी बहीण थेल्मा बाळंत झाली, पण मुलगी मेलेलीच जन्मली. तेव्हा असं मूल आईला दाखवतही नसत. नर्सने ते गुंडाळून नेलं. कुठे पुरलं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. पाळणा मी आईच्या घरी नेऊन ठेवला आणि तो विषय बंद झाला.

विल्फ मात्र स्वयंपाकघरात बसून एकच संथ चाल वाजवत राहायचा.

"कसली रड लावलीस रे?" थेल्मा बशा विसळता विसळता म्हणायची. "दुसरं काही येत नाही का तुला?"

तो नुसता हसायचा. शब्द ओठांतल्या ओठांत म्हणायचा, तिला ऐकू जाऊ द्यायचा नाही.

पुढच्या वर्षी बँडच्या गाण्याची एक छोटी तबकडी बरी खपली आणि लंडनच्या कंपनीने मोठ्या तबकडीसाठी बोलावलं. माझी मासळीची गाडी होती, म्हणून मीच त्यांना घेऊन गेलो. सगळी गाणी एका दिवसात उरकायची होती. संध्याकाळी पाहतात तर एक गाणं कमी!

"अजून काही आहे का?" ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या पेल्हॅमसाहेबांनी काचेआडून विचारलं.

"विल्फचं एक आहे, साहेब," क्लाइव्ह म्हणाला. "गाडीत सारखा गुणगुणतो."

"ते नको," विल्फ पुटपुटला.

"वाजव की! नव्या नवरीसारखा लाजतोस काय?" क्लाइव्ह म्हणाला.

विल्फने वाजवलं. शब्द मी पहिल्यांदाच नीट ऐकले. 'वारा पडलाय, रोझलिन, नीज आता.' त्याने त्या गेलेल्या पोरीला नाव ठेवलं होतं.

"चाल गोड आहे," साहेब म्हणाले, "पण यावर पोरं नाचणार कशी? दुप्पट वेगात घ्या. आणि 'नीज' कशाला? 'ये' म्हणा. रोझलिन, ये आता! मैत्रिणीला नाचायला बोलावल्यासारखं वाटलं पाहिजे."

विल्फने माझ्याकडे पाहिलं, मग त्या तिघांकडे. या तबकडीच्या भरवशावर तिघांनी नोकऱ्या सोडल्या होत्या.

"चालेल," तो म्हणाला.

क्लाइव्ह टाळ्या वाजवत गायला. विल्फने भिंतीकडे तोंड करून साथ केली. परतताना आम्ही चहाला थांबलो, तेव्हा तो गाडीतून उतरलाच नाही.

पुढच्या वसंतात चर्चच्या हॉलमध्ये नाच होता. थेल्माला मीच बळेबळे नेलं. कितीतरी महिन्यांनी तिने ओठ रंगवले होते. विल्फने घरी कधीच न आणलेली ती तबकडी कुणीतरी लावली.

"अगं बाई, ही तर आमच्या विल्फची रडकी चाल!" ती खळखळून हसली. मग नाव कानावर पडलं. "रोझलिन कोण रे?"

मी मान खाली घातली. भोवती पोरी त्याच नावाने ओरडत गिरक्या घेत होत्या. थेल्माने माझ्याकडे पाहिलं, कोट उचलला आणि निघाली.

मी तिच्या मागोमाग गेलो. विल्फ घरीच होता.

"तिचं नाव रोझलिन?" थेल्माने विचारलं.

"हो."

"तू पाहिलंस तिला?"

"दारातून. केस काळेभोर होते."

"सगळ्या गावाला सांगितलंस," थेल्मा म्हणाली, "आणि मला नाही."

"तुला त्रास होईल म्हणून..."

"वाजव आता. आधी होतं तसं."

त्याने गिटार घेतली. पण कित्येक महिने नाचघरांतून तीच चाल तो पळवत होता. दोन ओळी संथ जायच्या आणि बोटं धावत सुटायची. तो थांबला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. शेवटी थेल्मानेच गिटारीच्या तारांवर हात ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली.

विल्फने बँड सोडला आणि तो पुन्हा फक्त मासळी उतरवायला लागला. दुसरं मूल त्यांना झालं नाही. संसार मात्र शेवटपर्यंत केला, भांडत, एकमेकांची दुखणी काढत. गेल्या वर्षी विल्फ गेला. थेल्मा अजून दफनभूमीत रोझलिनसाठी फुलं नेते. पुरल्याची जागा ठाऊक नाही, म्हणून दर खेपेला वेगळ्या कोपऱ्यात ठेवते.