सशाच्या पोटावरचं ठिगळ

कात्रीमावशीला हे नाव हातातल्या कात्रीमुळे पडलं की तोंडातल्या, यावर आमच्या गल्लीत दोन तट आहेत. मी दोन्हीकडे जाऊन चहा पितो.

जिन्याखालच्या कोनाड्यात एक शिलाईमशीन, एक स्टूल आणि वरून लोंबणारा दिवा, एवढ्यात तिचा कारभार चालतो. पॅन्टची उंची कमी कर, चेन बदल, कंबर सैल कर. कोणाची कंबर वाढली हे तिला त्याच्या बायकोआधी कळतं, आणि बायकोला ते मावशीकडूनच कळतं.

तिची खरी हौस मात्र वेगळी. गल्लीत कुठेही मूल जन्मलं की मावशी त्याला कापडाचा एक प्राणी शिवून देते. हत्ती, कासव, मांजर, हाताला येईल तो. त्याचे तिचे नियम आहेत आणि ते ती कोणासाठी वाकवत नाही. कापड नवं चालत नाही. "नव्या कापडाला कोणाची ओळख नसते," म्हणते. बाळाच्याच घरातल्या कोणीतरी वापरून वापरून मऊ केलेला कपडा पाहिजे. तो घरी धुतलेला असतो तेवढा पुरे, मावशी पुन्हा पाण्यात घालत नाही. "माझा साबण लागला की त्याचं घर बदलतं." डोळ्यांना बटणं लावायची नाहीत, पोर गिळतं. दोऱ्यानं भरायचे. कान लांब ठेवायचे, कारण दात येताना सगळ्यात आधी तेच तोंडात जातात.

शेवटी तो प्राणी जातो तिच्या नवऱ्याकडे. त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला, अजून मनगटं मुसळासारखी. त्यांनी दोन्ही कान धरून जीव खाऊन ओढायचं.

"ओढा नीट," मावशी सांगते. "शेजाऱ्याचं आहे असं समजा."

टाका उसवला तर परत मशीनवर, नाही तर बाळाकडे. गल्लीतली निम्मी पोरं त्या प्राण्यांचे कान चावून मोठी झाली आहेत. त्यातला एक तर आता वकील आहे आणि त्याचं कासव अजून उशीखाली असतं. हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं. मी कोणाला सांगणार नाही असं तिला म्हणालो होतो, पण तुम्ही काय परके आहात?

तर अशा या मावशीच्या लेकीला मुलगी झाली. पहिली नात. मावशीचे पाय जमिनीला लागेनात. पण लेकीच्या घरी तिच्या सासूबाई, म्हणजे मावशीच्या विहीणबाई. मोठ्या कचेरीत साहेबीण होत्या, आता निवृत्त, पण घर अजून कचेरीसारखंच चालवतात. त्यांना सगळं दुकानातलं, खोक्यातलं, वर शिक्का असलेलं लागतं. बारशाला कोणी आलं तरी आधी त्याच्या हातातल्या भेटीवर शिक्का आहे का ते बघायच्या, त्यामुळे नातीचा प्राणी शिवायचा राहूनच गेला होता. नातीचा पहिला वाढदिवस जवळ आला तेव्हा त्या कोणाशी तरी बोलताना म्हणाल्या, "मी मोठं अस्वल मागवलंय. गातं, बोलतं, डोळे लुकलुकतात. उगाच चिंध्यांचं काही नको."

चिंध्या हा शब्द त्यांच्या घरून आमच्या गल्लीत संध्याकाळच्या आत पोचला. कोणी पोचवला हे विचारू नका.

मावशीनं मशीन थांबवली. चष्मा कपाळावर सरकवला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "वाढदिवसाला दोन्ही खेळणी तिच्यासमोर ठेवू. दुपारी झोपताना नात ज्याला धरेल ते खरं. माझं नसलं, तर मी आयुष्यात पुन्हा खेळणं शिवणार नाही."

"अगं, एवढं कशाला?" नवरा म्हणाला.

"आणि तुमचीही ओढायची नोकरी जाईल."

ती हे चार माणसांत बोलली होती. मावशी चार माणसांत बोललेला शब्द मागे घेत नाही, हे आम्हाला ठाऊक. गल्लीत तीन बायकांना दिवस गेले होते. त्या काळजीत पडल्या.

मावशीनं लेकीला निरोप धाडला, घरातले जुने कपडे पाठव. लेकीनं दाराआड एक पिशवी भरून ठेवली. शेजारी दुसरी पिशवी ठेवली, त्यात एकच कपडा. सासूबाईंचं करडं, फ्लॅनेलचं मऊ जाकीट, अस्तर फाटलेलं. विहिणीकडे दुरुस्तीला द्या म्हटलं तर त्या कधीच देणार नाहीत, म्हणून हिनं गुपचूप काढलं होतं. आई ते शिवून आणेल, वाढदिवसाला हातात देईल, दोघींचं गोड होईल, असा तिचा डाव. जावईबापू कामावर जाताना निघाले, दोन पिशव्या कोण सांभाळणार म्हणून एक दुसरीत उलटी केली आणि मावशीच्या कोनाड्यात ठेवून गेले. बोलले काहीच नाहीत. जावयानं सासूशी कमी बोलावं, हे त्यांचं एकमेव तत्त्व.

मावशी डोळे मिटून पिशवीत हात घालते. बोटांना सगळ्यात मऊ लागेल ते कापड घ्यायचं. हाताला जाकीट लागलं. तिनं ते ऐटीत कापलं आणि ससा बेतला. एका कोपरावर निळं ठिगळ होतं, वाकड्या टाक्यांचं.

"हे कोणी लावलं असेल गं बाई," ती हसली, "पायानं शिवलंय जणू." पण निळा रंग तिला आवडला, म्हणून ते ठिगळ सशाच्या पोटावर राहू दिलं.

तिकडे विहीणबाई जाकीट शोधून थकल्या. रोज दुपारी तेच घालून त्या नातीला खांद्यावर घ्यायच्या. ते नाहीसं झाल्यापासून नात झोपताना कुरकुर करायची, आणि विहीणबाई सगळ्या घरावर.

वाढदिवसाला मीही गेलो होतो. बोलावणं नव्हतं, पण साक्षीदार नको का? विहीणबाईंनी अस्वलाचं खोकं उघडलं. अस्वल नातीपेक्षा उंच. कळ दाबली की गायला लागलं, मान डोलवायला लागलं. नातीनं टाळ्या पिटल्या, त्याच्याभोवती गोल रांगली, त्याच्या नाकाचा मुका घेतला. मावशीच्या सशाकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही.

विहीणबाई नुसत्या हसल्या. त्यांचं ते हसू मला आवडलं नाही, म्हणजे फार आवडलं.

"नाचू दे तिला," मावशी केक खात म्हणाली. "अजून दुपार व्हायचीय."

दुपार झाली. नातीचे डोळे जड झाले. तिनं अस्वलाच्या पोटावर डोकं टेकलं. आत बॅटऱ्यांचा डबा. टक्कन आवाज आला, अस्वल पुन्हा गायला लागलं आणि नातीनं भोकाड पसरलं. विहीणबाईंनी उचललं, थोपटलं. आईनं घेतलं. कोणाकडे राहीना. शेवटी तिला खाली ठेवलं तर हुंदके देत सशापर्यंत रांगली. त्याच्या पोटावर नाक खुपसलं, एक कान तोंडात घेतला आणि शांत झाली. बघता बघता झोपली.

मावशीनं ताठ मानेनं सगळ्यांकडे पाहिलं. विहीणबाई हळूच वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"हा कोपर माझा आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हे ठिगळ मी लावलंय. माझ्या जाकिटाला."

लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं. जावईबापू छताकडे पाहू लागले. मावशीच्या तोंडून शब्द फुटेना. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून मी पुढे सरकून बसलो.

"तुमचं जाकीट मी कापलं," अखेर ती म्हणाली. "चुकलं माझं."

"कापलंत ते कापलंत. पण म्हणजे ती मला धरून झोपलीय."

"तुम्हाला धरून झोपलीय, पण टाके माझे."

"वास माझा आहे."

"कान माझे आहेत. चावतेय काय ती?"

"हळू बोला," विहीणबाई म्हणाल्या. "उठेल." आणि सरकून त्यांनी मावशीला शेजारी जागा केली.

शब्द पाळायचा तर मावशी जिंकली होती. खेळणं शिवणं सुरू राहिलं, गल्लीतल्या तिघींना वेळेवर हत्ती, मांजर आणि दुसरं कासव मिळालं. पुढच्याच आठवड्यात विहीणबाई रिक्षातून अस्वल घेऊन कोनाड्याशी उतरल्या.

"याचं पोट उघडा," त्या म्हणाल्या. "तो डबा काढा आणि आत काहीतरी माणसांचं भरा."

"चिंध्या चालतील?"

"चालतील. माझी जुनी उशी आणलीय, ती उसवा."

आता अस्वल मुकं झालंय आणि नात त्याच्यावर घोड्यासारखी बसते. झोपायला मात्र ससाच लागतो. विहीणबाई भेटेल त्याला सांगतात की तो त्यांनी दिला. मावशी सांगते की तिनं दिला. आणि त्या निळ्या ठिगळाचे टाके सैल झाले, तेव्हा मावशीनं ते नीट करायला सुई उचलली, तर विहीणबाईंनी तिच्या हातातून सुई काढून घेतली आणि पुन्हा तितकेच वाकडे घातले.