तरे जिन्यात थांबायचे

तरे गेल्याचं मला साहेबांनी सांगितलं, तेही गाडीतून, फोनवर. सोमवारची सकाळ होती, पहिली पाळी नुकतीच लागलेली. घोडबंदर रोडला गाडी अडकली होती, मागे हॉर्न वाजत होते आणि त्या हॉर्नमधूनच ते म्हणाले, "सुजाता, तरे गेले. पहाटे. शहाडला, घरीच." मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "खाली सांगा. आणि हेही सांगा, मशीन थांबता कामा नये. आज माल जायचाय. ज्याला जायचंय त्याने जेवणाच्या सुट्टीत जाऊन यावं." फोन बंद. डोंबिवली एमआयडीसीतून शहाडला अर्ध्या तासात जाऊन, माणसाला खांदा देऊन परत यायचं कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

फोन घ्यायला वरच्या ऑफिसात गेलेली मी जिना उतरायला लागले आणि वळणावर माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत. ते थांबले.

हे वळण सांगितल्याशिवाय तरे सांगता यायचे नाहीत. आमचा कारखाना रबराचे वॉशर आणि सील बनवतो. वर मालकांची केबिन आणि ऑफिस, खाली गरम प्रेसची रांग, आणि दोघांच्या मधे एक लोखंडी जिना. मालकांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात. साहेब खाली उतरत नाहीत आणि प्रेसवाले वर चढत नाहीत, ही त्यांच्या वडिलांच्या काळापासूनची रीत. मधली ये-जा एकट्या तरेंची. त्यांच्या टेबलावर 'पर्सोनेल ऑफिसर' अशी पाटी होती. आता त्याला एचआर म्हणतात, पण पाटी बदलायला त्यांनी कधी दिली नाही. वरचा निरोप खाली न्यायचा, खालचा वर आणायचा. आणि जाता-येता, काही झालं तरी, जिन्याच्या वळणावर थांबायचं. तिथे एक छोटी खिडकी आहे, पलीकडे बाजूच्या कंपनीची पाण्याची टाकी दिसते. खिडकीच्या गजात त्यांनी चष्मा पुसायचं पिवळं फडकं खोचून ठेवलेलं असायचं. ते काढायचे, चष्मा पुसायचे, पुन्हा खोचायचे आणि मग पुढची पायरी. लोखंडी जिना असल्यामुळे पावलं वर-खाली दोन्हीकडे ऐकू जायची. खण खण खण… मग काहीच नाही… मग पुन्हा खण खण.

मी त्यांच्या हाताखाली लागले, टेबल खाली प्रेसजवळ मिळालं, तेव्हा मला वाटायचं, म्हातारा दमतो.

मी विठ्ठलवाडीच्या चाळीतली. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. केलं, वर एचआरचा डिप्लोमा केला, आणि याचा मला अभिमान होता, आजही आहे, लपवत नाही. डिप्लोमात आम्हाला शिकवलेलं की मालकाच्या अपेक्षा कामगारापर्यंत स्पष्ट, जशाच्या तशा पोचल्या पाहिजेत. मी ते पाठ केलं होतं. म्हणून पहिल्याच महिन्यात जे पाहिलं त्याने मी हादरले. प्रेसवरचा गायकवाड लागोपाठ उशिरा येत होता. साहेब माझ्यासमोर तरेंना म्हणाले, "त्या गायकवाडला सांगा, घरी बस. मला तोंड दाखवू नको." तरे "बरं" म्हणाले, जिना उतरले, मधे थांबले, आणि खाली जाऊन गायकवाडला म्हणाले, "साहेब विचारत होते, घरी काही अडचण आहे का? असेल तर पाळी बदलून घे, पण वेळ पाळ." गायकवाडची आई आजारी होती. त्याने काही महिने दुसरी पाळी घेतली, आणि तो अजून आमच्याकडेच आहे.

ते परत वर जाताना मी त्यांना वळणावरच गाठलं. "सर, साहेब असं म्हणाले नाहीत."

"मग काय म्हणाले?"

"घरी बस म्हणाले. मी स्वतः ऐकलं."

तरे हसले. ते मूळचे शहाडकडच्या आगरी गावातले, ऑफिसात शुद्ध बोलायचे पण चिडवायचं असलं की गावचा सूर यायचा. "अगो बाय, ते रागाचं होतं. राग साहेबांचा, तो साहेबांकडेच ठेवला. कामाचं होतं ते खाली नेलं."

"पण त्यांना काय म्हणायचं होतं ते तुम्ही ठरवणार?"

"मग जिन्याने ठरवायचं?" म्हणाले, आणि फडकं गजात खोचून वर गेले.

मला पटलं नाही. कित्येक दिवस पटलं नाही. पण हेही दिसत होतं की ते फक्त खालीच असं नेत नव्हते. उन्हाळ्यात प्रेसजवळ उभं राहवत नाही. एकदा गायकवाड भडकून म्हणाला, "मामा, साहेबाला सांगा, एक दिवस इथं उभा राहून दाखव. अर्ध्या तासात आडवा होशील." खाली सगळे तरेंना मामाच म्हणायचे. तरे वर गेले, थांबत, आणि साहेबांना म्हणाले, "साहेब, प्रेसवाल्यांची फार इच्छा आहे, तुम्ही एकदा त्यांच्यात येऊन उभं राहावं." साहेब खूश. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खाली आले, पाच-दहा मिनिटं उभे राहिले, शर्ट भिजला, आणि त्याच आठवड्यात मोठे पंखे आले. गायकवाडला वाटलं आपण साहेबाला झाडलं. साहेबांना वाटलं आपल्याला प्रेमाने बोलावलं. मी तरेंकडे बघितलं तर ते चष्मा पुसत होते.

घरी मात्र त्यांचा उलटा कारभार. हे मला काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांच्या दिवसकार्याच्या वेळी सांगितलं. सून काही बोलली आणि काकूंनी म्हटलं, अहो तिला सांगा ना, तर तरे पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "थेट बोला. घरात मला जिना नाही." सांगता सांगता काकूंना हसू आलं… आणि मग त्यांनी तोंडाला पदर लावला.

आता माझ्या वाक्याकडे येते. इतके दिवस झाले, ते मला सोडत नाही.

दुसऱ्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं कारखाना तपासायला येणार होती. हजेऱ्या, पाळ्या, सुरक्षेच्या सूचना, सगळं मी एकटीने लावलं होतं. तपासणी नीट पार पडली. संध्याकाळी तरे केबिनमधून खाली आले, माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब म्हणाले, ही मुलगी घरातली पहिली शिकलेली आहे हे तिच्या कामात दिसतं. एक रेघ वाकडी नाही. हिला जपा."

मी घरी जाऊन अण्णांना सांगितलं. माझे वडील, अण्णा, कल्याणच्या मार्केटात पोती वाहायचे. आयुष्यभर साहेब लोकांकडून त्यांनी दोनच शब्द ऐकले होते, उचल आणि ठेव. ते म्हणाले, "परत म्हण." मी परत म्हटलं. मग त्यांनी चाळीत प्रत्येक दारात जाऊन ते म्हटलं. आमच्याकडे कुणी पाहुणा आला की आजही चहाच्या आधी ते वाक्य येतं. मला पुढे दुसरीकडून बोलावणी आली, पगारही बरा होता. मी गेले नाही, कारण जिथे मालक असं बोलतो ती जागा सोडायची नसते असं आमच्या घरात ठरून गेलं होतं.

तरे गेल्याचं त्या सोमवारी मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझा तो निरोप आणणारे हेच ना?"

हेच. आणि तेव्हा पहिल्यांदा मी दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या. गायकवाडचा निरोप बदलणारेही हेच. त्या संध्याकाळी तरे जिन्यात थांबले होते का? मी आठवून आठवून थकते. खण खण खण… पुढे काय? कधी वाटतं, पावलं सलग आली होती. कधी स्पष्ट ऐकू येतं, मधे थांबली होती, चांगली थांबली होती. दोन्ही तितकंच खरं वाटतं.

पण हे नंतरचं. त्या सकाळी मी वळणावर उभी होते आणि माझ्याकडे साहेबांचा निरोप होता. खाली प्रेसचा फुसफुस आवाज. गजात पिवळं फडकं तसंच. शनिवारी त्यांनी खोचलेलं. मी उतरले. सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सांगितलं, तरेमामा गेले. कुणीतरी खाली बसलं. गायकवाड माझ्याकडे बघत म्हणाला, "साहेब काय म्हणाले?"

मी म्हटलं, "साहेब म्हणाले, प्रेसमध्ये आहे तेवढा माल काढून घ्या, मशीन बंद करा, आणि सगळे शहाडला चला."

नोकरी जाणार हे मला तेव्हाच कळलं होतं. उगाच धाडसाच्या गप्पा मारत नाही. घरात कमावणारी मी एकटी. पण ती माणसं बारापंधरा वर्षं ज्यांना मामा म्हणत होती, त्यांना जेवणाच्या सुट्टीचं सांगायला माझी जीभ उचलेना.

स्मशान नदीकाठी आहे. आम्ही पोचलो तेव्हा साहेब आधीच आलेले. एका बाजूला, पांढऱ्या शर्टात, एकटे. कारखान्याचे कपडे घातलेली सगळी पाळी आत येताना त्यांनी पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. काही बोलायच्या आत गायकवाड त्यांच्यापुढे जाऊन हात जोडून उभा राहिला. "साहेब, मामांसाठी मशीन बंद ठेवायला सांगितलंत. आम्ही विसरणार नाही." साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे. मी नजर खाली घातली नाही. ते गायकवाडला म्हणाले, "तरे आमचे होते." बस. त्या दिवशी माल गेला नाही.

तेराव्यानंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी पर्समध्ये टेबलाची किल्ली घेऊनच गेले, द्यायला. साहेब खिडकीकडे तोंड करून बसले होते. मशीनचा विषय त्यांनी काढलाच नाही. म्हणाले, "तरे मला एक नेहमी सांगायचे. खालची माणसं म्हणतात, साहेब ओरडतात, पण वडिलांसारखे पाठीशी उभे राहतात. दिवाळीला सांगायचे, कधी मी फार तापलो की सांगायचे." ते वळले. इतकी वर्षं त्या माणसाचा चेहरा मी पाहतेय, पण असा नव्हता पाहिला. "सुजाता, तुम्ही खाली असता. म्हणायचे का हो ती माणसं असं?"

खाली काय म्हणतात ते मला माहीत होतं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या क्षणी मला विचारता आलं असतं. साहेब, आणि तुम्ही माझ्याबद्दल ते म्हणाला होतात का? प्रश्न अगदी ओठांवर आला. समोर बसलेला माणूस आणि मी, दोघं एकाच दुकानातून माल घेतलेली गिऱ्हाइकं होतो आणि दुकानदार गेला होता. त्यांना निदान विचारायला मी तरी होते.

"खाली विचारून सांगते," मी म्हटलं.

मी जिना उतरले. वळणापर्यंतच. खिडकीशी उभी राहिले, टाकीवर दोन कबुतरं बसली होती. मी चष्मा लावत नाही. तरी ते फडकं काढलं, हातात धरलं. मऊ होतं, वापरून वापरून जवळजवळ जाळी झालेलं, आणि त्याला अजून त्यांच्या तपकिरीचा वास होता. माझ्या वाक्याचा विचार केला. साहेब ते म्हणाले नसतील, तर कुणीतरी म्हणालं होतंच ना… माझ्या टेबलासमोर उभं राहून, चष्मा स्वच्छ पुसून, माझ्याकडे नीट बघून म्हणालं होतं. अण्णांना हे समजावता येणार नाही. मला तरी कुठे पूर्ण समजलंय.

फडकं गजात परत खोचलं आणि वर गेले. साहेब तसेच बसलेले.

"म्हणायचे, साहेब," मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली. मग हळू म्हणाले, "मधे थांबलात ना?"

मी पर्समधली किल्ली चाचपली.

"तरेही थांबायचे," ते म्हणाले. "मी ऐकायचो. आवाज थांबला की मला बरं वाटायचं." आणि त्यांनी फाइल पुढे ओढली. "सोमवारपासून तरेंच्या टेबलावर बसा."

मी बसते आहे. पाटी काढलेली नाही. खाली-वर आता मीच करते. झाडूवाली खिडकी पुसते तेव्हा फडक्याला हात लावत नाही, तिला कुणी सांगितलेलं नाही. परवा मी घाईत होते, एक साधाच निरोप होता, सुट्टीच्या यादीचा, म्हणून न थांबता सरळ खाली उतरले. तर प्रेसवर सगळे काम सोडून माझ्याकडे बघत उभे. गायकवाडचा चेहरा उतरलेला. "काय झालं, मॅडम?" तो म्हणाला. "वाईट काही आहे का?"

म्हणजे त्यांनाही ऐकू यायचं. सगळ्यांनाच.

मी "काही नाही, काही नाही" म्हणत परत जिना चढले, वळणापर्यंत गेले आणि थांबले. खाली प्रेस पुन्हा सुरू झाल्याचं ऐकलं, आणि मग उतरले.