जावईबापूंची बंदी

माझ्या आईने जन्मभर पायमशीनवर शाळेचे गणवेश शिवले आणि फुटबॉलला नावं ठेवली. त्यात नशिबी जावई आला गोलरक्षक! "अकरा जणांत हाच एक नुसता उभा राहून पगार घेतो," म्हणायची.

खांदा दुखावल्यावर लवकर मैदानात उतरायच्या नादात माझ्या नवऱ्याने चोरून स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली आणि तपासणीत सापडला. चार वर्षांची बंदी समोर दिसत होती. वकिलाने पळवाट काढली. माझ्या आईने सांगायचं, माझं गुडघ्याचं औषध चुकून जावयाच्या दुधात पडलं. मग शिक्षा काही महिन्यांवर येईल.

आईने सुईत दोरा ओवला, मगच मान वर केली.

"जावईबापू, इंजेक्शनं तुम्ही घेतलीत ना?"

"हो, आई."

"मग तसंच सांगा. मी खोटं बोलणार नाही."

"अगं, त्याचं खेळणं संपेल!" मी ओरडले.

"कसं संपतं तेच बघते."

त्याने कबुली दिली. एक वर्ष कमी झालं, तीन उरली. कुठल्याही संघाबरोबर सराव करायला मनाई होती. जुने सोबती फोन उचलेनात. नवरा दिवसभर सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि मला त्याची कीवही यायची, संतापही यायचा.

एके सकाळी आईने त्याला बाटल्यांच्या कारखान्यामागे नेलं. शिवणाच्या खडूने भिंतीवर गोलची चौकट आखली. "मी मारते, तुम्ही अडवा."

पहिल्या फटक्यात तिची चप्पल भिंतीपलीकडे गेली, चेंडू जागचा हलला नाही. आम्ही दोघं पोट धरून हसलो. आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याचेच जुने बूट घालून आली, पुढे चिंध्या कोंबून. पायमशीनने कमावलेले पाय ते! पुढच्या वर्षी तो बरगड्या चोळत घरी येऊ लागला.

"आई, राग काढतेस होय?" मी विचारलं.

"मग? काढू नको?"

बंदी संपली. एका लहानशा क्लबने त्याला घेतलं. पहिल्याच सामन्यात समोर पेनल्टी उभी राहिली आणि आमच्या मागून कुणीतरी ओरडलं, "ए इंजेक्शन!" लोक खिदळले. नवऱ्याची मान खाली गेली.

आई उठून मागे वळली. "हो, घेतलं होतं! कबूल केलं, तीन वर्षं भोगलं. आता बस खाली!"

मग मैदानाकडे तोंड करून तिने त्याहून मोठा आवाज लावला. "जावईबापू, मान वर! चेंडू येतोय!"