उघडलेलं घड्याळ हलत नाही

चालतं दुकान मी रिकामं करून टाकलं, तेही सरकारी खर्चाने. 'आमच्या खोऱ्यात या, धंदा करा, सुखाने जगा' अशा पुस्तिकेसाठी जिल्हा कचेरीने मला माहिती गोळा करायला धाडलं होतं. तळ्याकाठच्या एका दाराला भरदुपारी कुलूप, वर पाटी नाही. कुणाला न विचारता फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'गाळा रिकामा.' घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मावशी तेव्हा समोरच्या तळ्यात पोहत होत्या.

पुस्तिका निघाली आणि आठवड्यात एक शहरी गृहस्थ उपाहारगृह काढायला हजर. मी माफी मागायला पोचलो, तर ते आणि घरमालक आधीच दुकानात उभे.

"ताई, आपलं ठरलंय. हातातलं काम संपेपर्यंतच जागा तुमची," घरमालक म्हणाले. "हे तिप्पट भाडं देतायत."

"संपू तर दे," मावशींनी भिंगावरून मान वर केली नाही. केस अजून ओलेच. "उघडलेलं घड्याळ मी जागेवरून हलवत नाही. चाक सांडलं तर तू रांगत शोधणार का?"

"किती राहिलीत?"

"एकच."

घरमालकांचा चेहरा खुलला. मावशींनी गृहस्थांच्या मनगटाकडे पाहिलं. "मागे पडतं वाटतं?"

"रोज दहा मिनिटं. शहरात तिघांनी हात टेकले."

"टेकणारच. तिथे हॉर्न ऐकायचा की टिकटिक? वर धूळ. बारा वर्षं काढलीत मी तिथे. इथे खिडकी उघडी टाकून काम करते, म्हणून तुमच्या शहरातली घड्याळं पोस्टाने माझ्याकडे येतात. मला उठवायला आलात ना? कानाला लावा ते आधी."

त्यांनी लावलं. बाहेर तळं गप्प होतं.

"लंगडतंय," ते चकित होऊन म्हणाले.

"द्या इकडे." मावशींनी घेतलं आणि मागचं झाकण टक्कन उघडलं. "आता दोन झाली. आणि टपाल यायचंय अजून."

घरमालकांना कळायला वेळ लागला. गृहस्थ मात्र खो खो हसले. त्यांनी पलीकडच्या काठावरचं गोदाम घेतलं.

मग मावशी माझ्याकडे वळल्या. "शहाण्या, नव्या आवृत्तीत छाप: 'बारा ते दोन दुकान बंद, बाई पोहायला गेलीय. थांबा, नाहीतर तुम्हीही उतरा.' छापतोस ना?"

मी हो म्हणालो. साहेबांनी ती ओळ दोनदा कापली. म्हणे, सरकारी पुस्तिकेत बायका पोहत नाहीत. मी तिसऱ्यांदा लिहून पाठवलीय. मावशींचं तेवढं देणं अजून माझ्या डोक्यावर आहे.