टॉर्पेडोचं बटण

भारतातून कुणी आलं की त्यांना शिकागोच्या म्युझियममधली दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी दाखवायची, हा आमच्या घरचा रिवाज. नऊ-दहा वेळा तरी गेलोय. आता पाय ओढत जातो. आत गाइड बहुतेक वेळा तेच, सत्तरी उलटलेले, मूळ रत्नागिरीकडचे रिटायर्ड इंजिनिअर. नाव विचारायचं राहूनच गेलं, काकाच म्हणतो. मराठी कानावर पडली की ते इंग्रजी सोडतात.

"डोकं सांभाळा. इंग्रजांच्या मालवाहू बोटींच्या ताफ्यामागे महिनोन्‌महिने फिरायचे. आंघोळ नाही. एका बिछान्यावर पाळीपाळीने दोघं. पोरंच होती हो." दोन वाक्यं झाली की ते लोखंडाला टेकून दम खातात.

टोकाला एक बटण आहे. ते दाबलं की टॉर्पेडो सुटून बोट फुटल्याचा आवाज येतो म्हणे. कुणाचा हात तिकडे गेला की काका म्हणतात, "बिघडलंय ते. चला, पुढे सरका."

मार्चमध्ये काका सुट्टीवर होते. दुसऱ्या गाइडबाईंनी बटण दाबलं, तर ठणठणीत! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या खेपेला मी काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "त्या मालवाहू बोटींवर खाली भट्टीत कोळसा टाकायला आमच्याकडचे खलाशी असायचे. टॉर्पेडो लागला की त्यांना वर यायला वेळच मिळायचा नाही."

परवा भारतातून आलेल्या बाबांचा हात बटणाकडे गेला. काका मागे दम खात उभे होते.

"बाबा, बिघडलंय ते," मी म्हटलं. "चला, पुढे सरका."