तांब्याच्या नळीचं पाणी

बाईंचे वडील कल्हईवाले. तापलेल्या भांड्यात नवसागर पडला की पांढरा धूर भस्सकन वर यायचा आणि भाता मारणारी सात वर्षांची मुलगी विचारायची, "अण्णा, धूर पांढराच का?"

"ते माहीत असतं तर मी इथं भांडी घासत बसलो असतो का?" अण्णा म्हणायचे.

त्या प्रश्नापायीच लेक रसायनशास्त्राची प्राध्यापक झाली, असं अण्णा येईल त्याला सांगत. बाई म्हणत, "छे, गणितात मार्क कमी पडले म्हणून." दोन्ही खरं असावं.

शरीरातली काही प्रथिनं धातूचे मोजके अणू पोटाशी धरून असतात आणि त्यांच्या जोरावर पेशींत साचणारं पेरॉक्साइड फोडतात. तेच काम करणारं छोटंसं संयुग बनवायचं, हा बाईंचा ध्यास. धातूच्या अणूला चारी बाजूंनी पकडणारा लिगँड नावाचा रेणू त्यांनी स्वतः घडवला, त्यात निकेल बसवलं. ते पेरॉक्साइडमध्ये टाकताच बुडबुडे उसळले. अकरा वर्षांपूर्वी त्यावरचा शोधनिबंध छापून आला आणि बाईंचं नाव झालं. विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'निकेलबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आवडतही होतं.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना विभागातलं डिस्टिल्ड वॉटरचं जुनं यंत्र गळू लागलं. त्याच्या जागी सगळं काचेचं नवं यंत्र आलं. त्या दिवसापासून बुडबुडे बंद.

बाईंनी निकेलची बाटली बदलली, पेरॉक्साइड बदललं, काचेचं प्रत्येक भांडं आम्लात बुडवून स्वतः धुतलं. तीन आठवडे गेले. चंचुपात्रं गप्प ती गप्पच. त्यांच्या हाताखाली शेवटचा प्रबंध करणारी मुलगी रडकुंडीला आली. चार महिन्यांत तिला प्रबंध द्यायचा होता आणि तो सगळा त्या निकेलवर उभा होता.

रविवारी दुपारी जेवताना बाईंनी अण्णांना हे सांगितलं. अण्णांची नव्वदी उलटली होती, ऐकू कमी यायचं, पण भांड्यांची गोष्ट निघाली की कान बरोबर उघडत.

"जुन्या यंत्रात पाणी कशातून यायचं?"

"तांब्याच्या नळीतून. आतून कल्हईची."

"कल्हई कधी केली होती?"

"अण्णा, वीस वर्षं कोणी ते यंत्र उघडलंसुद्धा नाही!"

अण्णांनी घास ताटात ठेवला. "मग पाणी कळकलं असणार. उडाली असेल कल्हई, तांबं उतरत असेल पाण्यात. एवढी शिकलीस आणि बापाचा धंदा विसरलीस?"

बाई पुढचं जेवल्याच नाहीत. यंत्रातून आलेलं पाणी शुद्धच असतं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यावर संशय घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

सोमवारी त्यांनी नव्या पाण्यातल्या त्याच मिश्रणात तांब्याच्या क्षाराचा एक कण टाकला. बुडबुडे उसळले. मग निकेल वगळून नुसता लिगँड आणि तांबं घेतलं. बुडबुडे दुप्पट! नुसतं तांबं टाकलं तर जवळजवळ काहीच नाही. म्हणजे लिगँड खरा होता. त्यातल्या थोड्या निकेलला खुर्चीवरून उठवून तांबं तिथं बसत होतं आणि काम करत होतं. अकरा वर्षं पाटी मात्र निकेलची.

मुलगी हळूच म्हणाली, "बाई, जुनं यंत्र अजून अडगळीतच आहे. चार महिने त्याचंच पाणी वापरलं तर? तुमचं नावही राहील."

"आणि पुढं कोणी पोरगी काचेच्या पाण्यात हे करायला बसली तर? ती बिचारी स्वतःलाच वेडी समजेल. तू समजत होतीस ना?"

मुलीने वही पुढे ओढली.

"प्रबंध बुडणार नाही तुझा. मुदत वाढवून आणणं माझ्याकडे लागलं. पहिलं प्रकरण माझ्या चुकीवर लिही."

"तुमच्या नावानिशी?"

"मग काय शेजारणीच्या?"

त्याच दिवशी बाईंनी मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं: माझा निष्कर्ष चुकीचा होता, शोधनिबंध मागे घ्यावा. कारण, पाण्याच्या यंत्रातली कल्हई झिजली होती. ही शक्यता एका अनुभवी कल्हईवाल्याने दाखवून दिली, त्यांचे आभार. संध्याकाळी त्यांनी ते अण्णांना मोठ्याने, दोनदा वाचून दाखवलं.

"नोकरी जाईल का गं?"

"नाही. थोडे लोक हसतील."

"हसू देत." अण्णांनी स्वतःची काळवंडलेली बोटं धोतराला पुसली. "ते यंत्र घरी आण. हात थरथरतात, पण तू भाता मारलास तर होईल कल्हई."

"काचेचं आलंय, अण्णा."

"काचेचं!" अण्णांनी तोंड वाकडं केलं.

दुसऱ्या दिवशी बाई साडेआठलाच प्रयोगशाळेत होत्या. निकेलच्या बाटल्या त्यांनी मागच्या फळीवर सरकवल्या, नवी वही उघडली आणि पहिल्या पानावर लिहिलं: तांबं, प्रयोग पहिला. निवृत्तीला अजून सात महिने होते. मुलगी आत येताच त्यांनी विचारलं, "पाणी कुठल्या यंत्राचं आणलंस?"